चारातून तीन गेल्या

"आपल्या वजाबाकीत आजवर एक हातचा बी चुकला नाई!"

वजाबाबा माईकवर असे गरजले आणि माईक बंद पडला. त्याच्यामागोमाग पंखे थांबले. बाबांच्या डोक्यामागे फिरणारं लाल-हिरव्या दिव्यांचं चक्र अर्ध्यावर अडकून विझलं. गोंडपिपरीच्या रोडला, येरमटोल्याजवळच्या बंद पडलेल्या भातगिरणीत भरदुपारी चारशे माणसं बसलेली.  बाबा वर पत्र्याकडे बघत राहिले, जणू लाईनमन तिथंच कुठंतरी बसला असावा.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून बाबांचा पट्टीचा भक्त नथ्थू ओरडला, "पाह्यलं का? बाबानं लाईनच वजा केली!"

"वजाबाबा की…"

"जय!"

मागच्या खांबाला टेकलेल्या साधनानं कपाळावर हात मारून घेतला. ती येरमटोल्याची 'आशाताई', गावची आरोग्य स्वयंसेविका. गावात कोणाला ताप आला, कोणाचं बाळंतपण आलं, कोणाच्या गोळ्या संपल्या, सगळं तिच्या पिशवीतल्या रजिस्टरात. इथं ती आली होती ती सासऱ्यांमुळे. नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, घरात ती आणि मुखरूभाऊ दोघंच. आणि मुखरूभाऊ म्हणाले होते, "तू नाई आली तं मी एकटाच जातो."

लाईट आली नाही, पण बाबांना आवाजाची कमी नव्हती.

"दुनियाचे बाबा देतेत," ते म्हणाले. "कोनी अंगठी देते, कोनी राख देते, कोनी पोरगं देते. मी काईच देत नाई! मी वजा करतो. तुमची शुगर वजा. तुमचा बीपी वजा. तुमच्या सासूचा…" बायकांकडे बघून ते जरा थांबले, "…राग वजा!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग बाबांनी डोळे मिटले. दोन बोटं कपाळावर टेकवली.

"मुखरू नावाचा कोनी भक्त हाय इथी. रोज सकाळी चार गोळ्या खाते. चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या. हाय का?"

मुखरूभाऊ हात जोडून उभे राहिले.

"येत्या खेपेले डाक्टर स्वतः आपल्या हातानं चारातून तीन काढन. राहीन एक! पन त्या एक गोळीले अन्नाचा स्पर्श नको. पोट रिकामं पाह्यजे. समजलं?"

"समजलं बाबा."

साधनाला हसू आलं. कॅन्सरच्या गोळ्या काय चिंचोके आहेत, चारच्या एक व्हायला?

*

मुखरूभाऊंनी चाळीस वर्षं तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी म्हणून काढली होती. सत्तर पानांचा पुडा. एखाद्या बाईनं अडुसष्ट पानं बांधून आणली तर हातात घेताच सांगायचे, "बाई, दोन पानं बकरीनं खाल्ली का तुह्या?" मोजणीत त्यांना कोणी फसवलं नव्हतं. फसवलं ते प्रोस्टेटनं. लघवीचा त्रास म्हणून वर्षभर काढे पिऊन झाले आणि चंद्रपूरला नेलं तेव्हा कॅन्सर हाडात उतरलेला.

रक्तात त्याचा एक आकडा असतो. डॉक्टर त्याला पीएसए म्हणत, येरमटोला 'पॉइंट' म्हणायचं. "भाऊचे पॉइंट किती झाले?" असं लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारायचे. पहिल्यांदा निघाले ते नव्वद. मग डॉक्टर हर्षा मॅडमनी गोळ्या सुरू केल्या, रोज चार, उपाशीपोटी. पॉइंट सहावर आले. पण महिन्याची डबी महिन्यात संपे आणि पुढची कधी वेळेवर मिळे, कधी नाही. मग मुखरूभाऊ एक दिवसाआड खात, आणि मॅडम चिडत.

सप्टेंबरच्या खेपेला साधनाच्या मागे कुष्ठरोगाचा सर्व्हे लागला होता. सासऱ्यांना घेऊन शेजारचा नथ्थू गेला. संध्याकाळच्या गाडीतून उतरला तो नाचतच.

"झाली नं बे! चारची एक झाली!"

साधनानं फाईल हिसकून घेतली. खरंच होतं. मॅडमच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं, एक गोळी, आणि पुढं दोन अक्षरं: बीएफ. साधनाच्या ट्रेनिंगमध्ये बीएफ म्हणजे बिफोर फूड, जेवणाआधी.

"मामाजी, मॅडम अजून काय म्हणाल्या?"

"ते बोलतच होती लय वेळ. नाश्ता, नाश्ता म्हने. मले वाटलं तिले भूक लागली असन. मी म्हनलं, या मॅडम तुमी खाऊन."

कागदावर बीएफ होतं, बाबाही उपाशीच म्हणाला होता, आणि आधीच्या चार गोळ्याही उपाशीपोटीच होत्या. साधना म्हणाली, "बरोबर आहे. उपाशीच घ्या."

हे वाक्य तिनंच म्हटलं होतं. पुढं कित्येक दिवस ते तिच्या कानातून निघालं नाही.

*

येरमटोल्यात मग काय विचारता. एकशेवीस गोळ्यांची डबी आता चार महिने पुरणार! मुखरूभाऊ पहाटे उठून आंघोळ करत, गोळी बाबांच्या फोटोला दाखवत, ग्लासभर पाण्यासोबत गिळत आणि दुपारपर्यंत तोंडात कण घालत नसत. घरावरून जाणारा जो तो आत डोकावून नमस्कार करून जायचा. मुखरूभाऊंना की डबीला, ते कळायचं नाही. गिरणीतली गर्दी दुप्पट झाली. विहीरगावच्या एका मास्तरणीनं बाबांकडून वजन वजा करून घेतलं, म्हणजे बाबांनी तिला सोमवार ते शनिवार उपास सांगितला.

नोव्हेंबरात नथ्थूनं नुसता रिपोर्ट आणला, पॉइंट पंधरा निघाले.

"परीक्षा घेऊन राह्यले बाबा," नथ्थू म्हणाला.

डिसेंबरात एकतीस निघाले. मुखरूभाऊंची कंबर दुखायला लागली, खाटेवरून उठताना ते खाटेलाच शिव्या घालू लागले. या खेपेला मात्र साधना सर्व्हे सोडून स्वतः गेली.

डॉक्टर हर्षांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "भाऊ, सकाळी गोळीसोबत काय खाता?"

"काईच नाई मॅडम!" मुखरूभाऊ छाती काढून म्हणाले. "एकदम कडक. थुंकीसुद्धा गिळत नाई."

मॅडमचा पेन हातातच राहिला. "अहो, मी नाश्त्यासोबत सांगितलं होतं! इथं लिहिलंय. बीएफ. ब्रेकफास्ट!"

"मॅडम," साधना म्हणाली, आणि तिला तिचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला, "आमच्यात बीएफ म्हणजे बिफोर फूड."

मॅडमनी त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं. बाहेर कोणीतरी नंबर पुकारत होतं.

"हे मी पूर्ण लिहायला पाहिजे होतं," मॅडम म्हणाल्या. मग खुर्ची पुढं ओढून त्यांनी साधनाला सगळं समजावून सांगितलं. ही गोळी पाण्यात विरघळायला लई आळशी. रिकाम्या पोटी घेतली तर तिचा मोठा हिस्सा अंगात शिरतच नाही, आल्या वाटेनं निघून जातो. म्हणून चार लागतात. पोटात अन्न असलं, थोडं तेल असलं, की तीच गोळी कितीतरी पटीनं जास्त रक्तात जाते. म्हणून डबीतल्या चिठ्ठीवर ताकीद असते, जेवणासोबत घेऊ नका. चार घेऊन वर जेवलात तर भलतीच चढेल.

"ती ताकीदच आपण कामाला लावली," मॅडम म्हणाल्या. "एकच गोळी, पण पोह्यांसोबत. तीन गोळ्यांचं काम पोहे करतात. यावर अभ्यास झालेला आहे. पण हे डॉक्टरच्या नजरेखालीच करायचं, कोणी आपल्या मनानं नाही. तुम्ही काय केलंत, तीन गोळ्या काढल्या आणि पोहेही काढले."

"म्हणजे तीन महिने…"

"पाव औषधावर काढले."

"आता खाल्लं तर पॉइंट उतरतील नं मॅडम?" साधनानं विचारलं.

"सुरू करा. बघू," मॅडम म्हणाल्या. साधना पंधरा वर्षं लोकांना 'बघू' म्हणत आली होती. त्याचा अर्थ तिला माहीत होता.

*

परतीच्या गाडीत मुखरूभाऊ खिडकीला डोकं टेकून झोपले, आणि साधनाच्या डोक्यात एक जुनी गोष्ट आली. आठवीत तिच्या वर्गातल्या दोन पोरींनी पेपरात 'शिवनेरी' ऐवजी 'शेवनारी' लिहिलं होतं. गुरुजींनी दोघींनाही उभं केलं. बरोबर उत्तर दोघींचं सारखं येऊ शकतं, गुरुजी म्हणाले, पण चूक सारखी आली म्हणजे एकीनं दुसरीचं पाहिलंय.

बाबाला उपाशी कसं कळलं?

त्याला देवानं सांगितलं असतं तर देवाला नाश्ता माहीत असता. मॅडमच्या मनातलं वाचता आलं असतं तरी नाश्ताच कळला असता. बीएफचा अर्थ 'उपाशी' असा फक्त कागद वाचणाऱ्यानंच केला असता. तिनं केला, तसाच.

ऑगस्टच्या खेपेलाच मॅडमनी फाईलमध्ये लिहून ठेवलं होतं, ते तिनं आज पाहिलं: लिव्हरचा रिपोर्ट नीट आला तर पुढच्या वेळी चारची एक, बीएफ. आणि ते पान बाहेर एकाच ठिकाणी गेलं होतं. फुकट औषधं देणाऱ्या सरकारी योजनेच्या खिडकीवर प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स लागतात, आणि दवाखान्यासमोर झेरॉक्सचं एकच दुकान. प्रवीणचं. त्याच्याआधी ते दुकान त्याचा भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, विक्की चालवायचा. तो दीड वर्षापूर्वी एकाएकी कुठं गेला, कोणाला माहीत नव्हतं. साधनानं डोळे मिटून विक्कीला भगवी कफनी घातली, दाढी लावली, डोक्यामागे दिव्यांचं चक्र फिरवलं. बरोबर बसलं.

मुखरूभाऊ अजून उपासावरच अडून होते, बाबा सांगन तवाच खाईन म्हणत. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा चंद्रपूरला गेली. एका कोऱ्या केसपेपरवर तिनं आपल्या हातानं लिहून नेलं होतं: मंगली मुखरू, मुक्काम येरमटोला. वय साडेतीन. वजन अठरा किलो. तक्रार, दाढी. सहा गोळ्या चालू, पुढच्या वेळी दोन.

"दोन झेरॉक्स," ती म्हणाली.

प्रवीणनं कागद काचेवर ठेवण्याआधी काउंटरखाली धरला. मोबाईलचा खटका वाजला. मग झेरॉक्स निघाल्या.

*

मंगळवारी गिरणी खचाखच. बाबांनी डोळे मिटले, दोन बोटं कपाळावर.

"येरमटोल्याची एक माय आली हाय… म नावाची… मंगली! वय पस्तीस. लय दुखी हाय बिचारी. बाईमानूस असून दाढीचा त्रास. सहा गोळ्या खाते. जा माय, सहातून चार गेल्या, राहिल्या दोन! कुठी हाय मंगली? लाजू नको, पुढं ये."

"आणते बाबा," साधना मागून म्हणाली.

दोरी धरून ती मधल्या वाटेनं चालत आली. दोरीच्या टोकाला मंगली. काळी, पांढऱ्या दाढीची, बाबांच्या पुढ्यातल्या झेंडूच्या हाराकडे नजर लावून. स्टेजजवळ येऊन ती "म्यांऽ" म्हणाली आणि हार खायला लागली.

आधी एक बाई हसली. मग सगळी गिरणी हसली. बाबांचं तोंड उघडं ते उघडंच. साधनाला माईक मिळाला नाही, ती तशीच बोलली. झेरॉक्सचं सांगितलं, मोबाईलच्या खटक्याचं सांगितलं. "हा विक्की आहे, दवाखान्यापुढचा! आपण ज्या फाईली त्याच्या साळ्याच्या दुकानात देतो त्याच तो आपल्याले वाचून दाखवून राह्यला!" बीएफचं सांगितलं, तेव्हा मागची पोरं खी-खी करायला लागली, त्यांच्या डोक्यात बीएफचा तिसराच अर्थ होता. तिनं पिशवीतून लोटा आणि वाटी काढली. लोट्यात पाणी, वाटीत कोमट तेल. दोन्हीत चिमूट-चिमूट हळद टाकून तिनं हलवलं.

"पाहा! पाण्यातली हळद खाली बसली. तेलात कसा रंग उतरला? तसंच ह्या गोळीचं हाय. अन्न असलं तं उतरते. मामाजीचे पॉइंट सहा होते, आता एकतीस हायेत. आशीर्वादानं नाई, उपासानं. बाबाले नका मानू, मलेबी नका मानू. मीबी चुकली. ज्यानं औषध लिहून देल्लं त्याले विचारा! नाई समजलं तं पुन्हा विचारा. विचारल्यानं काईच कमी होत नाई."

पुढच्या दोन-चार माना हलल्या. साधनाला एक क्षण वाटलं, पटलं. ठमाबाई, गावातली सगळ्यात म्हातारी, काठी टेकत उठली आणि बाबांकडे बोट रोखलं.

"मानसाचं तं कोनीबी ओळखते," ती म्हणाली. "यानं तं मुक्या जनावराचं ओळखलं व माय!"

"बकरीचंही दुखनं कळलं बाबाले!" नथ्थू ओरडला.

बाबांचं तोंड मिटलं. डोळे पुन्हा मिटले. "जीवमात्राचं वजा करतो मी," ते हळूच म्हणाले.

"वजाबाबा की…"

"जय!"

नथ्थूनं हळदीच्या पाण्याचा लोटा उचलला आणि तीर्थ म्हणून वाटायला घेतला. वाटीतलं तेल एकीनं गुडघ्याला चोळलं. साधनाच्या हातात नुसती दोरी राहिली. हार संपवून मंगलीनं बाबांच्या कफनीची कड तोंडात घेतली होती, आणि लोक तिच्या पाया पडत होते.

पुढच्या मंगळवारी गिरणीसमोर अकरा बकऱ्या, दोन म्हशी आणि एक लंगडा कोंबडा रांगेत होता.

*

घरी येईपर्यंत मुखरूभाऊ बोटांवर काहीतरी मोजत राहिले. साधनानं मंगलीला खुंट्याला बांधलं आणि ओट्यावर बसली. तिला रडायचं होतं, पण रडायलाही कोणाशी तरी भांडण पाहिजे, आणि समोर कोणीच नव्हतं.

"साधना," मुखरूभाऊ म्हणाले, "आपली मंगली कधीची?"

"साडेतीन वर्षांची, मामाजी."

"तो पस्तीस म्हनला."

"कागदावर साडेतीन लिहिलं होतं. तीन, मंग टिंब, मंग पाच."

"त्याले टिंब नाई दिसलं." मुखरूभाऊ बराच वेळ मंगलीकडे बघत राहिले. "मी फडावर चाळीस साल काढले. मोजनी चुकवनारा मानूस मी एक दिवस ठेवला नाई. अन् हा तं वजाबाकीचा बाबा म्हनवते!" त्यांनी बंडीच्या खिशातून बाबांचा फोटो काढला, इकडे-तिकडे पाहिलं आणि मंगलीपुढं धरला. मंगलीनं तो खाल्ला.

"उद्या पोहे कर," ते म्हणाले. "तेल जरा बरं टाक."

"हलका नाश्ता सांगितला मॅडमनं. मोजून."

"मोजूनच टाक नं. मी काय म्हनून राह्यलो?"

दुसऱ्या दिवशीपासून एक बशी पोहे, एक गोळी आणि मॅडमनी पहिल्यापासून सोबत दिलेली बारकी पांढरी गोळी. साधना समोर बसून बघायची. मुखरूभाऊ रोज डबी हलवून आवाजावरून सांगायचे, अजून किती राहिल्या. पॉइंट खाली येताहेत की नाहीत, ते मात्र डबी हलवून कळत नव्हतं. तपासणी पुढच्या डबीच्या दिवशीच होती. कंबर कधी दुखायची, कधी नाही. साधना विचारायची, "आज कसं वाटते?" आणि ते म्हणायचे, "बघू."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी डबी संपली. त्याच्या पुढच्या दिवशी दोघं पहिल्या गाडीनं चंद्रपूरला गेले. साधनानं डब्यात पोहे घेतले होते. रक्त देऊन झालं, रिपोर्ट चार दिवसांनी मिळणार होता. हर्षा मॅडम अहेरीच्या शिबिराला गेलेल्या. पण गोळ्या योजनेच्या खिडकीवरच मिळतात, त्यासाठी मॅडम लागत नाहीत. रांगेत पुढं दोनच माणसं राहिली, तशी साधना म्हणाली, "मामाजी, खाऊन घ्या. गोळी हातात पडली की लगेच टाकता येईन."

मुखरूभाऊंनी उभ्या-उभ्या पोहे खाल्ले. डबा पुसून परत दिला.

खिडकीतल्या बाईनं फाईल चाळली. "दोन झेरॉक्स?"

पोह्यांच्या नादात साधना त्या काढायलाच विसरली होती. ती धावत रस्ता ओलांडून गेली. प्रवीणच्या दुकानाचं शटर खाली होतं. त्यावर नवा फ्लेक्स लावलेला: भक्तांच्या सोयीसाठी मशीन वजाबाबांच्या गिरणीत हलवण्यात आली आहे. जनावरांच्या झेरॉक्स स्वतंत्र रांगेत. ती बसस्टँडकडे पळाली. तिथल्या दुकानात मशीन होती, लाईट नव्हती. परत आली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकी एकला बंद होते. वॉचमन म्हणाला, सोमवारी या.

त्या दिवशी मुखरूभाऊंचा नाश्ता अगदी वेळेवर झाला. गोळी नव्हती.